अर्धा वेळ वर, अर्धा वेळ खालीं

आपल्या घरांतील संगणक काय किंवा खिशांतील मोबाइल काय, त्याच्या पोटांत विजेचा एक ठोका अखंड पडत असतो. ठोका म्हणजे विजेच्या दाबाचें वर चढणें आणि खालीं उतरणें. ‘डीडीआर ४’ जातीची ३२०० वेगाची स्मृतिपट्टी घेतली, तर तिचा ठोका एका सेकंदांत १६० कोटि वेळां पडतो. एका ठोक्याची लांबी ६२५ पिकोसेकंद. तेवढ्या अवधींत प्रकाशहि वीतभर पुढें जात नाहीं.

या पट्टीची युक्ति अशी कीं, ठोका चढतांना एक बिट घ्यावयाचा आणि उतरतांना दुसरा. म्हणून ठोक्याचा वरचा भाग आणि खालचा भाग समसमान, ३१२.५ पिकोसेकंदांचे, असावे लागतात. एक आंखडला तर त्यांतल्या बिटाला स्थिर होण्यास वेळ उरत नाहीं आणि शून्याच्या जागीं एक वाचला जातो. मग तो बँकेच्या खात्यांतला आंकडा असो वा मुलाच्या छायाचित्रांतला एक ठिपका असो, यंत्राला दोन्ही सारखेच.

हा ठोका हजारों ठिकाणीं पोंचवावा लागतो, आणि वाटेंत तो क्षीण होतो. त्याला पुन्हां जोर देण्यासाठीं ठिकठिकाणीं बफर बसवितात. लांबच्या तारमार्गावर रिले बसवीत, तेंच हें काम. मौज अशी कीं, दोषहि तोच. रिलेची जीभ एका बाजूस किंचित् अधिक ओढली गेली कीं खुणा लांबत आणि मधल्या जागा आंखडत. मग ती ओढ जुळवून घ्यावी लागे. आपल्याकडील तारसेवा २०१३ सालीं बंद झाली. दोष मात्र सिलिकॉनमध्यें येऊन राहिला आहे.

तो उद्भवतो कसा? फ्रँक वॉनलास यांनीं १९६३ सालीं पुढें मांडलेल्या सीमॉस रचनेंत दोन जातींच्या ट्रान्झिस्टरांची जोडी असते. एक दाब वर ओढतो, दुसरा खालीं. हौदाला एक भरणारा नळ आणि एक रिकामा करणारा नळ असावा तसें. वर ओढणाऱ्यांत विजेचें वहन इलेक्ट्रॉन करीत नाहींत, तर त्यांनीं मागें सोडलेल्या रिकाम्या जागा करतात. आणि साध्या सिलिकॉनमध्यें या जागा इलेक्ट्रॉनांपेक्षां दोन-तीन पटींनीं मंद सरकतात. म्हणून तो ट्रान्झिस्टर अधिक रुंद करतात. कागदावर हिशेब जुळतो. पण कारखान्यांत एक जात थोडी जोरकस आणि दुसरी थोडी दुबळी निघते, आणि उष्णतामान बदललें कीं प्रमाण पुन्हां बदलतें.

समजा, प्रत्येक बफरांत उतरणीपेक्षां चढणीला ५ पिकोसेकंद अधिक लागले. दहा बफरांनंतर वरचा भाग २६२.५ आणि खालचा ३६२.५ होईल, ५० टक्क्यांच्या जागीं ४२. बफरांत दाब उलटा करणारे दोन टप्पे पाठोपाठ असतात आणि पहिल्यानें केलेली चूक दुसरा बरीचशी फेडतो, हें खरें. पण दुसरा टप्पा पुढचें ओझें वाहण्याकरितां मोठा केलेला असतो, म्हणून कांहीं बाकी उरतेच. शिवाय वीज वांचविण्यासाठीं ठोका मधूनमधून थांबवितात. तेव्हां एकाआड एक टप्प्यांतले वर ओढणारे ट्रान्झिस्टर सतत ताणाखालीं राहून हळूहळू दुबळे होतात आणि मधले तसे होत नाहींत. काटकसरीनेंच तोल बिघडावा, हें मला तरी मोठें मासलेवाईक वाटतें.

दुप्पट वेगाचा ठोका घेऊन त्याच्या केवळ चढणीवर दाब उलटवावा, हा एक उपाय आहे. उतरणीकडे पाहिलेंच नाहीं, तर तिचा दोष कोठून येणार? पण त्याला वीज जास्त लागते, आणि पुढच्या बफरांत दोष पुन्हां शिरतोच.

त्यापेक्षां मार्गाच्या शेवटीं तपासून आरंभीं दुरुस्ती करावी, हें बरें. पण ३१२ पिकोसेकंद मोजणारें घड्याळ कोठून आणावयाचें? तें लागतच नाहीं. ठोका एका रोधांतून कंडेन्सरांत सोडावा. कंडेन्सर इतका मंद कीं, त्याला एकेक ठोका कळत नाहीं, सरासरी तेवढी कळते. पुरवठा १ व्होल्टचा आणि ठोका समतोल असेल तर सरासरी ०.५० व्होल्ट; ४२ टक्के असेल तर ०.४२. तुलना करणारें मंडल हा फरक पाहतें आणि आरंभींच्या बफरांत खालीं ओढणाऱ्याचा प्रवाह जरा आंवळतें. उतरण लांबते, वरचा भाग वाढतो. पुन्हां सरासरी, पुन्हां थोडी दुरुस्ती. अतिवेगवान् वस्तूचें माप मंद वस्तूकडून घेण्याची ही कल्पना या साऱ्या विषयांत मला सर्वांत सुंदर वाटते.

परंतु परीक्षकहि निर्दोष नसतो. त्याच्या तुलनेंत ५ मिलिव्होल्टांची चूक असेल, तर सुमारें ३ पिकोसेकंदांची चूक तो इमानानें ठोक्यांत उतरवील. म्हणून त्याचीं दोन टोकें आलटूनपालटून जोडतात, म्हणजे एकदां अधिक आणि एकदां उणी होऊन ती कटते. यंत्र निजून उठलें कीं कंडेन्सरांतलें माप ओसरलेलें असतें. यास्तव दुरुस्तीचें प्रमाण आंकड्यांत साठविण्याचीहि रीत आहे. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘डीडीआर ५’च्या मानकानें ही जुळवणी स्मृतीच्या चिपमध्येंच घातली आणि ती किती करावी हें सांगण्याचें काम बाहेरच्या नियंत्रकाकडे दिलें.

एक दोष मात्र या उपायाला दिसत नाहीं. एका ठोक्यांत वरचा भाग लांब, पुढच्यांत तितकाच आंखूड, असा थरकांप असेल, तर सरासरी अर्धा व्होल्टच राहते आणि परीक्षक स्वस्थ बसतो. त्याचा बंदोबस्त ठोका उत्पन्न करणाऱ्या मंडलांत आणि त्याच्या वीजपुरवठ्यांतच करावा लागतो.