व्यसन सुटल्यानंतरचे दुःख
(ज्युबिलीनिमित्त कळंबा येथे दिलेले भाषण)



जुन्या करारात पन्नासावे वर्ष ज्युबिलीचे मानीत व त्या वर्षी दास मोकळे होत, हे आपणांस ठाऊकच आहे. आज मी अशा एका दास्याविषयी बोलणार आहे, की ज्याची बेडी तुटली तरी मनुष्याचे मन पुष्कळ दिवस मोकळे होत नाही.

दारूचे व्यसन सोडण्यासाठी उपचार घेणाऱ्या मनुष्यास घरचे विचारतात, "आता सुटली ना, मग असे उदास का बसता?" परंतु नेमकी तेव्हाच त्याची झोप उडते, छाती धडधडते, आणि आपण जगण्यास नालायक आहो असे त्यास वाटू लागते. ही श्रद्धेची उणीव नव्हे. दारूने वर्षानुवर्षे गुंगलेला मेंदू ती बंद होताच खवळून उठतो. कित्येकांचे औदासीन्य काही आठवड्यांत ओसरते. कित्येकांचा मात्र तो मूळचाच आजार असतो, व तो विसरण्यासाठीच त्यांनी पेला हाती घेतलेला असतो. अशांच्या दोन्ही आजारांवर एकत्रच उपचार व्हावयास हवेत. नाही तर एक दुसऱ्यास परत बोलावून आणतो. तसेच, रोज पुष्कळ पिणाऱ्याने केवळ शपथेच्या बळावर घरीच दारू एकाएकी तोडू नये. झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतते. डॉक्टरांची देखरेख अवश्य हवी.

पुण्यात डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. तेथे औषधाबरोबरच समुपदेशन व कुटुंबाचा सहभाग ह्यांस महत्त्व दिले गेले, ह्यातच पुष्कळ बोध आहे.

चीन देशातील वैद्य संत मार्क जी तियानश्यांग पोटाच्या दुखण्यावर अफू घेता घेता तिच्या आहारी गेले. सुमारे तीस वर्षे त्यांस पवित्र संस्कार मिळाले नाहीत. तथापि त्यांनी देऊळ सोडले नाही. १९०० साली त्यांनी ख्रिस्तासाठी प्राण दिले व २००० साली ते संत म्हणून घोषित झाले. व्यसन हा आजार आहे, हे त्या काळी फारसे कोणी जाणत नव्हते. आपण जाणतो, म्हणून आपली जबाबदारी अधिक आहे.

एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्यास उपदेश केला नाही. त्याने भाकर व पाणी दिले, निजू दिले, आणि पुन्हा येऊन खाऊ घातले. आपणही तेच करावे. अशा बंधूच्या घरी जावे, त्याच्यासोबत दवाखान्यात बसावे, आणि आनंदाच्या मेजवानीत त्यास पेल्याचा आग्रह करू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, हे प्रेमाने व स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार उपजत नाही, उलट मनाचे ओझे हलके होते. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो. तो घराघरांत लिहून ठेवावा.

ज्या धर्मग्रामात असा मनुष्य लाज न बाळगता येऊन बसू शकेल, त्याचीच ज्युबिली खरी. प्रभू येशू आपणांस ती कृपा देवो. आमेन.