ओळखा पाहू, सिनेमा कुठला?

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण पोटगी, रेशन, घरातली मारहाण यांवर बोलतो आहोत. त्यात सिनेमाच्या खेळाचं काय घेऊन बसलात, असं काहींना वाटेल. पण हा खेळ आम्ही सिनेमावेडी दहा-बारा माणसं बराच काळ खेळतो आहोत. त्यात जे दिसलं ते तुमच्यापुढं ठेवावंसं वाटतं.

खेळ साधा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं. एकानं सिनेमातलं एकच चित्र दाखवायचं, बाकीच्यांनी सिनेमा ओळखायचा. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात, त्यातलं एक थांबवलेलं. नर्गिसच्या खांद्यावर नांगर दिसला की 'मदर इंडिया' (१९५७) शेंबडं पोरही ओळखतं. अवघड चित्रं वेगळीच. चुलीपुढं पाठमोरी बाई. देव्हाऱ्यापुढं पदर घेतलेली बाई. आजाऱ्याच्या उशाशी बाई. यांवर वीस-वीस नावं येतात आणि सगळी चुकतात. पुरुषाच्या हातात फाइल असते, बंदूक असते, तंबोरा असतो, त्यावरून धागा लागतो. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, 'प्रकाशयोजना बघा.' बघितली. चूल तीच होती.

एकदा 'राजा हरिश्चंद्र'मधलं चित्र आलं. पाण्यात ओल्या लुगड्यांतल्या बायका. त्यांत बाई एकही नाही! १९१३ साली सिनेमात काम करायला बायका मिळेनात, म्हणून फाळक्यांनी पुरुषांना लुगडी नेसवली. तारामती झाले अण्णा साळुंके, हे सगळ्यांना पाठ. पण कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून अख्ख्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सरस्वतीबाई फाळके राबत होत्या, हे फक्त दोघींना ठाऊक होतं.

'कुंकू'चंही (१९३७) तसंच. शांता आपटे सगळ्यांनी ओळखल्या. शेजारची, म्हाताऱ्या नवऱ्याची विधवा मुलगी झालेली बाई कोण? कुणालाच येईना. त्या शकुंतला परांजपे. संततिनियमनाचं काम लोक नाकं मुरडत असतानाही नेटानं केलेल्या आणि १९६४ साली राज्यसभेवर गेलेल्या. आपल्या चळवळीतल्या मीही दोन मिनिटं गप्प होते, हे कबूल करते.

पण मला सांगायचं आहे ते मावशींबद्दल. पंचाहत्तरी ओलांडलेल्या या बाई कोपऱ्यात बसायच्या आणि बघता बघता दहातले सात सिनेमे ओळखायच्या. गंमत अशी, की चालत्या सिनेमातून थांबवलेलं चित्र असलं तर त्या हटकून चुकत. जुन्या जाहिरातीचा छापील फोटो असला तर कधीच नाही. आम्हाला उलगडा होईना. तुम्हाला माहीत असेल, थिएटरच्या काचेत लावायचे फोटो सिनेमातून कापलेले नसत. चित्रीकरणाच्या जागी वेगळा फोटोग्राफर असे, तो नटनट्यांना उभं करून फोटो घेई. फोटोतली ऐट पडद्यावर कित्येकदा दिसतच नाही.

शेवटी मावशींनीच सांगितलं. 'मी यातला एकही सिनेमा पाहिलेला नाही गं. मंडईच्या वाटेवर थिएटर होतं. यांना बायकांनी सिनेमाला गेलेलं चालत नसे. भाजीची पिशवी घेऊन काचेपुढं पाच मिनिटं उभी राहायची. आठवडाभर तेच फोटो. मग पोळ्या लाटताना त्यांची गोष्ट जुळवायची.'

हसावं की काय करावं कळेना. प्रकाशयोजनेवाले गृहस्थही गप्प झाले.

मी विचारलं, सगळ्यांत आवडती गोष्ट कुठली? 'उंबरठा' (१९८२), त्या म्हणाल्या. स्मिता पाटीलच्या फोटोंवरून त्यांनी जुळवलं होतं, की ही बाई घर सोडून कुठं तरी मोठ्या कामावर जाते, तिथं तिला त्रास होतो, ती परत येते आणि घरचे तिला पोटाशी धरतात.

पुढच्या महिन्यात खेळ बाजूला ठेवून आम्ही त्यांना 'उंबरठा' दाखवला. महिलाश्रमाच्या प्रसंगांत त्या पुढं सरकून बसल्या होत्या. सुलभा परत येते, नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली तिला कळते, आणि ती पुन्हा निघते. आगगाडीत एकटी बसलेली दिसते. सिनेमा संपला, दिवे लागले तरी मावशी उठेनात.

मग म्हणाल्या, 'चाळीस वर्षं मी तिला त्या घरातच बसवून ठेवलं होतं की गं.'