सचिव, मंत्री आणि नस्ती



‘सचिव’ हा शब्द मराठी माणसाला परका नाही. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हा अष्टप्रधानांतील सुरनिसास ‘सचिव’ ही संज्ञा मिळाली. राजपत्रांचा मजकूर तपासणे आणि त्यातील अधिकउणे दुरुस्त करणे, हे त्याचे काम. आज केंद्र सरकारातील सचिवाचा कारभार कितीतरी विस्तारला आहे; परंतु राज्याचा शब्द तपासून, लेखी आणि नोंदवून बाहेर पडावा, हा त्यातील गाभा बदललेला नाही.

भारत सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने होते, असे संविधानाचा अनुच्छेद ७७ सांगतो. प्रत्यक्षात कोणते काम कोणत्या मंत्रालयाकडे, हे त्याच अनुच्छेदानुसार केलेल्या १९६१ च्या कार्यवाटप नियमांनी ठरते. आणि कोणता विषय मंत्र्याने एकट्याने निकालात काढावा व कोणता मंत्रिमंडळापुढे न्यावा, हे त्याच वर्षीच्या कार्यवहन नियमांनी. म्हणूनच नवे मंत्रालय स्थापन करण्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. २०२१ मध्ये सहकार मंत्रालय अस्तित्वात आले, ते या नियमांत बदल होऊनच.

मंत्रालयाची अंतर्गत रचना एखाद्या जिन्यासारखी आहे. मंत्रालयात एक किंवा अनेक विभाग असतात आणि विभागाचा प्रशासकीय प्रमुख असतो सचिव. त्याच्याखाली अपर सचिव व सहसचिव, मग संचालक आणि उपसचिव, त्यानंतर अवर सचिव, आणि पायथ्याशी कक्ष अधिकाऱ्याचा कक्ष. आलेले पत्र सामान्यतः याच कक्षात नोंदले जाते, पूर्वीचे कागद जोडले जातात, टिपणी लिहिली जाते आणि नस्ती, म्हणजे बोलण्यातली फाईल, पायरीपायरीने वर चढते. पुष्कळशी प्रकरणे मधल्या पायरीवरच निकालात निघतात. धोरणाचा प्रश्न असेल तेव्हाच ती मंत्र्यापर्यंत पोहोचते. या सर्व विभागांत समन्वय राखण्याचे काम मंत्रिमंडळ सचिवालयाचे. त्याचा प्रमुख मंत्रिमंडळ सचिव.

या रचनेला लोक ‘लाल फीत’ म्हणून हिणवतात. विलंबाची तक्रार खोटी नाही. पण ही रचना केवळ कागद हलविण्यासाठी उभारलेली नाही. सल्ला कोणाचा आणि निर्णय कोणाचा, हे वेगवेगळे दिसावे, हा तिचा खरा हेतू आहे. सचिव हा मंत्र्याचा प्रमुख सल्लागार. मंत्री हा लोकसभेला उत्तरदायी. एकाची नोकरी निवडणुकीवर अवलंबून नाही, दुसऱ्याची सत्ता निवडणुकीतूनच येते.

ही सीमारेषा पुसट झाली म्हणजे काय होते, याचा धडा देशाला लवकरच मिळाला. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. फिरोज गांधींनी हा विषय लोकसभेत लावून धरला. या व्यवहाराला आपली संमती नव्हती, अशी अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांच्या आयोगाने मुंबईत उघड चौकशी केली. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, त्याला सचिवाच्या आड लपता येणार नाही, असा निर्वाळा छागलांनी दिला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री पायउतार झाले. पुढे अधिकाऱ्यांच्या वर्तनाचीही वेगळी चौकशी झाली.

मंत्र्याने जबाबदारी घ्यायची, तर सचिवाने काय करायचे? स्पष्ट बोलायचे. १० ऑक्टोबर १९४९ रोजी संविधान सभेत सरदार पटेलांनी अखिल भारतीय सेवांच्या संरक्षणाची बाजू मांडली, तिचे मर्म हेच होते : मन मोकळे करण्याचे स्वातंत्र्य नसलेली सेवा देश एकत्र ठेवू शकणार नाही. अनुच्छेद ३११ चौकशीवाचून बडतर्फीला सामान्यतः मज्जाव करतो, तो अधिकाऱ्याच्या सुखासाठी नव्हे. अप्रिय सल्ला देणाऱ्याची भाकरी जाऊ नये यासाठी.

तथापि संरक्षण असूनही तोंडी हुकमांची सवय जडते. दूरध्वनीवरील शब्दाला ना तारीख असते, ना सही. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अधिकाऱ्यांनी केवळ तोंडी आदेशांवर काम करू नये, ते लेखी नोंदवावेत, असे बजावले. याचिका करणारे सुब्रमणियन हे स्वतः माजी मंत्रिमंडळ सचिव होते, ही गोष्ट बोलकी आहे. त्याआधी २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ‘अभिलेख’ या शब्दाच्या व्याख्येत नस्तीचाही समावेश केला होता. त्यामुळे जी नस्ती आजवर फक्त वर चढत होती, ती नागरिकाच्या हाती खालीही येऊ लागली.

शंभर वर्षे टिकलेल्या वाचनालयाला नोंदीचे मोल निराळे सांगायला नको. दाखल-नोंदवही नसती तर पुस्तक कोणी दिले हे उमगले नसते. सभांचे इतिवृत्त नसते तर कोणता ठराव कोणी मांडला आणि विरोध कोणी केला हे नव्या पिढीला कळले नसते. राज्याचेही तसेच आहे. मंत्री बदलतात, सचिव निवृत्त होतात. मागे उरते ती टिपणी आणि तिच्याखालची सही. ती सही निर्भय असावी, आणि ती वाचणारा नागरिक जागा असावा. या दोहोंवाचून प्रशासनाचा जिना कितीही रेखीव बांधला, तरी तो कोठेच पोहोचत नाही.