मैदानातून कोर्टात : विल्यम हेन्री लुईस

आज अमेरिकेतल्या एका वकिलाची हकीकत सांगणार आहे. हा गृहस्थ आधी कॉलेजच्या मुलांना फुटबॉल शिकवीत असे.

विल्यम हेन्री लुईस १८६८ साली व्हर्जिनियात जन्मला. आईबाप पूर्वी गुलाम होते. गुलामगिरी संपून जेमतेम तीन वर्षे झालेली. मुलगा हुशार. उत्तरेकडच्या ॲमहर्स्ट कॉलेजात गेला आणि १८९१ साली तिथल्या संघाचा कप्तान झाला. बहुतेक सारे गडी गोरे, आणि पुढारी हा काळा!

अमेरिकेतला फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे बरं का. चेंडू लांबट, तो हातात धरून पळायचे आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला लोळवायचे. आपल्या हुतूतूसारखी अंगाला अंग भिडते. लुईस मधल्या जागेवर खेळे. वजन सुमारे १७५ पौंड, म्हणजे त्या जागेला हलकेच. पण चपळाई आणि डोके असे, की हार्वर्डला कायदा शिकताना १८९२ आणि १८९३ अशी दोन्ही वर्षे देशातल्या उत्तम अकरा गड्यांत त्याची निवड झाली. हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय.

पण मैदानावरची वाहवा रस्त्यावर कामी येत नव्हती. केंब्रिज गावात एका न्हाव्याने त्याची दाढी करायचे नाकारले. असा नकार कसा जिव्हारी लागतो, हे आपल्याकडे कित्येकांना निराळे सांगायला नको. लुईसने हात उगारला नाही. त्याने विधिमंडळाकडे दाद मागितली. १८९३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन न्हाव्यांची दुकानेही भेदभाव-बंदीत आली.

वकील झाल्यावरही खेळ सुटला नाही. बारा-एक वर्षे तो हार्वर्डच्या संघाला शिकवीत होता. १८९६ साली त्याने फुटबॉलवर पुस्तक लिहिले; त्या खेळावरच्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. १९०३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला बोस्टनमध्ये सहायक सरकारी वकील नेमले, आणि १९११ साली तो देशाचा सहायक ॲटर्नी जनरल झाला. केंद्र सरकारात इतक्या वरच्या जागेवर तोवर कुणी कृष्णवर्णीय पोहोचला नव्हता.

त्याच साली वकिलांच्या राष्ट्रीय संस्थेने त्याला सभासद करून घेतले. तो काळा आहे हे कळताच मात्र काहींनी काढून टाकायची खटपट चालवली. लुईसने राजीनामा देण्याचे साफ नाकारले. त्याचे वरिष्ठ, ॲटर्नी जनरल विकरशॅम, यांनी सभासदांना पत्रे लिहून त्याची बाजू घेतली. १९१२ साली तडजोड झाली: लुईसचे सभासदत्व राहिले, पण पुढच्या अर्जदारांनी आपला वंश लिहून कळवावा, असे ठरले. म्हणजे एकाला आत घेतले आणि मागच्यांसाठी दार लोटून घेतले! वंशावर सभासदत्व अवलंबून नाही, असा ठराव व्हायला १९४३ साल उजाडले. लुईस तेव्हा हयात होता. १ जानेवारी १९४९ रोजी बोस्टनमध्ये तो वारला.

शिक्षकबंधूंनो, आपल्या शाळेतही खेळताना पाठीवर थाप मिळणारा एखादा मुलगा असेल. खेळ संपल्यावर पाणी प्यायला तो सगळ्यांबरोबर बसतो का, तेवढे जरूर पाहा.