वाचनालयास अनुदान कसें मिळतें व कां मिळत नाहीं

(एका तालुक्याच्या गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत केलेलें भाषण)



आमच्या गांवच्या वाचनालयाचा इमारतीचा अर्ज परत आला, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवर आलीच आहे. ती लपविण्यांत अर्थ नाहीं. ती उघडपणें सांगावी म्हणूनच आम्ही आज येथें उभे आहों. अर्ज आम्हींच लिहिला होता. चांगलीं चार पानें लिहिलीं. विद्येवांचून कुणब्याची, माळ्याची, सुताराची काय दशा होते, तें पोटतिडकीनें मांडलें. वाचून दाखविला तेव्हां मंडळींनीं टाळ्या दिल्या. पण ज्या जागेवर इमारत व्हावयाची, ती जागा सात-बाराच्या उताऱ्यावर अजून एका मयत गृहस्थाच्या नांवें होती. त्यांनीं ती वाचनालयास तोंडीं देऊन टाकली होती, हें सबंध गांवास ठाऊक. कागदास ठाऊक नव्हतें. शिवाय तीन वर्षांच्या हिशोबापैकीं एका वर्षाचा हिशोब तपासून घेतलेला नव्हता. दोन ओळींचा शेरा पडला आणि अर्ज घरीं आला. त्याच पावसाळ्यांत भाड्याच्या खोलीचें छप्पर गळलें व मुलांच्या पुस्तकांचें कपाटचें कपाट भिजलें. उरलेलीं पुस्तकें एका घराच्या माळ्यावर बियाण्याच्या कणग्यांशेजारीं नेऊन ठेवलीं, तीं वाळवीनें गांठलीं.

आम्ही बरेच दिवस कचेरीच्या नांवानें बोटें मोडलीं. मग हळूहळू ध्यानांत आलें कीं चूक आमची. अनुदान मागणारा हा हिस्सेदार असतो, आणि हिस्सेदारास आपला हिस्सा अगोदर पुढें ठेवावा लागतो. हें आम्हांस कोणीं शिकविलें, तें सांगतों.

स्कॉटलंडांत डन्फर्मलिन म्हणून विणकरांचें गांव आहे. तेथें 1835 सालीं एका हातमागवाल्याच्या घरीं अँड्र्यू कार्नेजी जन्मला. त्या गांवच्या विणकरांनीं आपापल्या घरचीं पुस्तकें एकत्र करून वाचनालय काढलें होतें, आणि कार्नेजीचा बाप त्या विणकरांतला एक. पुढें वाफेचे माग आले, हातमाग बसले, आणि 1848 सालीं हें कुटुंब पोटासाठीं अमेरिकेस गेलें. आमच्या साळी-कोष्टी बांधवांस ही कथा फोड करून सांगावयास नको. पोरगा तेरा वर्षांचा. सुताच्या गिरणींत आठवड्यास एक डॉलर वीस सेंट मजुरीवर लागला. तेथें कर्नल अँडरसन नांवाच्या एका गृहस्थानें आपलीं सुमारें चारशें पुस्तकें कामकरी मुलांस वाचावयास खुलीं केलीं होतीं. कांहीं वर्षांनीं तेथें नियम झाला कीं, धंद्याची उमेदवारी करणाऱ्या मुलांसच पुस्तकें फुकट, इतरांनीं वर्षास दोन डॉलर भरावे. सतरा वर्षांच्या कार्नेजीनें 1853 सालीं वर्तमानपत्रांत पत्र लिहून ह्या नियमाची दाद मागितली, आणि नियम फिरला. त्याचा पहिला अर्ज तो हा, असें आम्ही समजतों.

पुढें हाच मनुष्य पोलादाच्या कारखान्यांचा धनी झाला व त्यानें वाचनालयांच्या इमारतींस पैसा दिला. जगभर 2,509 वाचनालयें त्या पैशांतून उभीं राहिलीं, पैकीं 1,679 एकट्या अमेरिकेंत. आतां तो देई कसा, तें लक्ष देऊन ऐका. एखाद्या गांवानें मागणी केली म्हणजे त्याचा चिटणीस जेम्स बर्ट्राम हा प्रश्नांचा एक छापील कागद पाठवी. गांवची वस्ती किती? आज वाचनालय आहे काय? असल्यास कोठें आहे, पुस्तकें किती, वर्षांत घरीं वाचावयास किती गेलीं? जागा मिळाली आहे काय? कर किती बसवाल? गांवाच्या थोरवीबद्दल एकही प्रश्न नव्हता! जागा गांवानें द्यावी, आणि इमारतीस जितकी रक्कम मिळेल तिचा दहावा हिस्सा दर सालीं सार्वजनिक पैशांतून वाचनालयास द्यावा, ही त्याची अट. दहा हजारांची इमारत घ्या, पण दर सालीं एक हजार द्याल असें आधीं ठरवा. आमचें चार पानांचें वक्तृत्व त्या कागदावर एक ओळही भरूं शकलें नसतें.

पण पैसा आला कोठून, हेंही विचारलें पाहिजे. 1892 सालीं त्याच्या होमस्टेड येथील कारखान्यांत मजुरांचा तंटा झाला, गोळ्या चालल्या, माणसें मेलीं. आमची मजुरी कापून आम्हांस पुस्तकें कसलीं देतां, असें तिकडचे मजूर म्हणत, आणि कित्येक गांवांनीं तो पैसा नाकारला. डेट्रॉइट शहरास 1901 सालीं रक्कम देऊं केली होती, ती घ्यावी कीं न घ्यावी ह्या वादांत 1910 साल उजाडलें. घेणारे चुकले कीं न घेणारे, ह्याचा निवाडा आम्ही करीत नाहीं. मात्र आमच्या कमिटीपुढें असा पैसा आला तर सभा भरवून, बायामाणसांसह सर्वांस विचारूनच घेऊं.

दुसरी गोष्ट आम्हांस अधिक बोंचते. अटलांटा शहरांत 1902 सालीं कार्नेजीच्या पैशांतून मोठें वाचनालय उघडलें. तें शहराच्या करावर चालणार होतें आणि काळे लोकही कर भरीत होते. पण त्यांस आंत मज्जाव. उघडण्याच्या वेळींच डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे विद्वान गृहस्थ आपली मंडळी घेऊन विश्वस्तांकडे गेले व आमच्या पैशानें चालणाऱ्या घरांत आम्हांस जागा कां नाहीं, असें त्यांनीं विचारलें. काळ्या लोकांसाठीं तेथें वेगळी शाखा निघाली ती 1921 सालीं. म्हणजे अनुदान मिळालें, इमारत झाली, तरी दार कोणास उघडें हा प्रश्न उरतोच. ज्यांच्या आज्यापणज्यांस पाणवठ्यावर येऊं दिलें नाहीं त्यांस हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाहीं. आमच्या घटनेंत पहिलें कलम म्हणून गांवांतील कोणासही सभासद होतां येईल असें घातलें आहे, आणि कमिटींत निदान दोन स्त्रिया असल्याच पाहिजेत असें दुसरें.

परदेश लांब राहिला असें कोणी म्हणेल, तर बडोद्याकडे पहा. नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकऱ्याच्या घरचा मुलगा 1875 सालीं बडोद्यास दत्तक गेला, तेच सयाजीराव महाराज. त्यांनीं 1906 सालीं संस्थानभर सक्तीचें शिक्षण सुरू केलें. शिकलेलीं पोरें वाचायला कांहीं नसलें तर शिकलेलें विसरून जातात, म्हणून 1910 सालीं अमेरिकेहून बॉर्डन नांवाचे ग्रंथालयाचे जाणकार आणून गांवोगांव वाचनालयांची योजना आंखली. खेड्यानें पंचवीस रुपये जमवून भरले कीं शंभर रुपयांचीं पुस्तकें मिळत. पुढें दर सालीं खेड्यानें पन्नास रुपयांपर्यंत वर्गणी केली कीं प्रांत पंचायत तितकेच घाली आणि सरकारही तितकेच. पन्नासाचे दीडशें झाले. कसब्याच्या गांवास ही मर्यादा तीनशें होती व प्रांताच्या मुख्य गांवास सातशें. इमारतीसही तोच न्याय : एक तृतीयांश लोकांचें, एक पंचायतीचें, एक सरकारचें. जेथें वाचनालय नव्हतें तेथें लांकडी पेट्यांतून पुस्तकें फिरत. आपल्या लोकांस फुकट दिलेलें टिकत नाहीं, हें त्या राजास चांगलें कळत होतें. (बॅरिस्टर झालेले पुष्कळ पुढारी अजून हें शिकले नाहींत!)

आतां आपल्या महाराष्ट्राचें. कोल्हापूर संस्थानानें 1945 सालींच ग्रंथालयांचा कायदा केला होता. राज्याचा कायदा 1967 सालचा. मद्रासेकडे 1948 च्या कायद्यानें ग्रंथालयासाठीं वेगळा कर बसविला. आपल्या कायद्यांत तो नाहीं. सरकारनें दर सालीं निदान पंचवीस लाख रुपये ग्रंथालय निधींत घालावे असें त्यांत लिहिलें. कर नाहीं म्हणून कोणी आनंद मानूं नये. हक्काचा पैसा नसल्यामुळें वाचनालय अनुदानाच्या तोंडाकडे पाहत राहतें. मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले आहेत व वर्गाप्रमाणें अनुदान ठरतें. त्याची वाट जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याच्या कचेरींतून जाते. तेथें भाषण घेऊन जाऊं नका. नोंदणीचे दाखले, दाखल नोंदवही, देवघेवीची वही, सभेचे ठराव आणि तपासलेला हिशोब घेऊन जा.

आणखी दोन दारें आहेत. कलकत्त्यास 1972 सालीं राजा राममोहन रॉय ह्यांच्या नांवें ग्रंथालयांकरितां प्रतिष्ठान निघालें आहे. राज्य आपला हिस्सा घालील त्यावर हिस्सा घालणें ही त्याची एक रीत, आणि कांहीं मदत हिस्स्यावांचूनही असते. दुसरें दार 2013 च्या कंपनी कायद्याचें. वर्षाचा निव्वळ नफा पांच कोटी किंवा अधिक असणाऱ्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे असा तो कायदा, आणि त्याच्या यादींत सार्वजनिक वाचनालय काढणें हें स्पष्ट लिहिलेलें आहे. तुमच्या शिवारालगत कारखाना असेल तर त्याच्या फाटकाशीं उपकार मागावयास जाऊं नका, ती यादी हातांत घेऊन जा. मात्र अशा खर्चासाठीं काम करणाऱ्या संस्थेस 1 एप्रिल 2021 पासून सरकारकडे वेगळी नोंद करावी लागते. ती नसेल तर नोंदलेल्या संस्थेमार्फत जावें लागेल.

आमच्याकडे पुढें काय झालें, तें विचाराल. त्या मयत गृहस्थाच्या मुलांनीं व मुलींनीं एकत्र बसून जागेचें बक्षीसपत्र करून दिलें. बहिणींच्या सह्यांस एक जण पुण्याहून, एक सासरच्या गांवाहून आली. सुगीच्या वेळीं घरटीं एक पायली ज्वारी गोळा केली, ती विकून पैसे वाचनालयाच्या खात्यावर भरले व पावती फाडली. सुतारांनीं चार कपाटांची मजुरी सोडली. तीही वहींत रुपयांत मांडली. राहिलेल्या सालाचा हिशोब तपासून घेतला. दुसरा अर्ज दीड पानाचा झाला, त्याला जोडलेले कागद मात्र एकवीस. तो मागील महिन्यांत दाखल केला असून पोंच आमच्यापाशीं आहे. निकाल यावयाचा आहे.

ज्यांस आपल्या गांवचा अर्ज करावयाचा आहे त्यांनीं सभा आटोपल्यावर थांबावें. आमच्या वह्या येथें पेटींत आणल्या आहेत. उघडून पहाव्या, वाटल्यास उतरून घ्याव्या. आणि ज्यांच्या घरीं माळ्यावरचीं आमचीं पुस्तकें गेलीं असतील, त्यांनीं तीं भिजलेलीं-फाटलेलीं असलीं तरी परत आणून द्यावीं. दाखल नोंदवहींत त्यांचे आंकडे रिकामे पडले आहेत.