बियाण्याची पिशवी, सिमेंटचे पोते आणि कायदा



मृगाच्या तोंडावर शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेतो, तेव्हा आपला सारा हंगाम तो तिच्या भरवशावर सोडतो. बी उगवले नाही, तर पिशवीची किंमत परत मिळूनही गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणूनच ग्राहकहिताचा प्रश्न हा केवळ शहरातील बाजारपेठांचा प्रश्न नव्हे. तो खेड्यातील संसाराचाही प्रश्न आहे.

ग्राहकांच्या संघटनेचा विचार महाराष्ट्रात लवकर रुजला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढे १९८६ साली संसदेने ग्राहक संरक्षण कायदा केला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.

शेतकरी हा ग्राहक आहे काय, हा वाद आंध्र प्रदेशातील सदोष बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बियाण्यांसाठी स्वतंत्र कायदा असल्याने ग्राहक मंचाकडे जाता येणार नाही, असे विक्रेत्या निगमाचे म्हणणे होते. २०१२ साली न्यायालयाने ते अमान्य केले. शेतकरी घेतलेले सर्व बी पेरून टाकतो. तपासणीसाठी त्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

परंतु काही नुकसान असे असते, की ते एकट्या ग्राहकाच्या ध्यानातच येत नाही. उत्पादकांनी आपसांत संगनमत करून भाव ठरविले, तर पावती खरी असते, वजन पुरे असते, मालही चांगला असतो. केवळ भाव खोटा असतो. अशा प्रथांना आळा घालण्यासाठी १९६९ साली मक्तेदारीविरोधी कायदा झाला व त्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली. संगनमतास प्रतिबंध करणाऱ्या त्यातील तरतुदी मे २००९ पासून लागू झाल्या.

भारतीय स्पर्धा आयोगाने २०१२ साली अकरा सिमेंट कंपन्यांना सुमारे सहा हजार तीनशे कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुनावणीतील त्रुटीमुळे तो आदेश २०१५ साली अपील न्यायाधिकरणात रद्द झाला. फेरसुनावणीनंतर २०१६ साली आयोगाने पुन्हा दंड केला. २०१८ साली अपिलात तो कायम झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा कितीही कडक असला, तरी अंमलबजावणीची रीत निर्दोष नसेल तर वर्षे वाया जातात, हा यातील धडा होय.

हा धडा गावपातळीवरही तितकाच खरा आहे. शेतकऱ्याने पक्की पावती मागून घ्यावी. पिशवी, तिच्यावरील टॅग व लॉट क्रमांक जपून ठेवावा. उगवण झाली नाही, तर शेत मोडण्यापूर्वी तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पाहणी व पंचनामा करून घ्यावा. पाहणीस उशीर झाला की पुरावा नांगराखाली जातो. म्हणून संबंधित अधिकाऱ्यांची तत्परता येथे मोलाची ठरते.

ग्रामपंचायत स्वतःही मोठी ग्राहक आहे. निविदा भरणाऱ्यांनी आपसांत दर ठरवून घेणे हा स्पर्धा कायद्याचा भंग आहे. निरनिराळ्या निविदांमध्ये एकच हस्ताक्षर, एकसारख्याच चुका किंवा पाळीपाळीने मिळणारी कामे आढळल्यास पंचायत सदस्यांनी ती बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आणावी. शिक्षकांनी वेष्टनावरील कमाल किंमत, निव्वळ वजन व उत्पादनाचा महिना वाचावयास मुलांना शिकविले, तर ती सवय घरोघर पोहोचेल.

आयोग जिल्ह्याच्या वा देशाच्या राजधानीच्या ठिकाणी बसतात. पुरावा मात्र गावातच तयार होतो. तो वेळेवर जपला गेला, तरच कायद्याचे संरक्षण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचेल.