शेगडीची दुरुस्ती : हिशेब कोणाच्या हाती?

(मारुंजी येथे वस्तीतील महिला आणि बचत गट यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय ऐकून काही जणींना हसू आलं असेल. कायदा, मारहाण, घरावरचा हक्क हे सगळं सोडून ही बाई आज शेगडी, कुकर आणि पाणी तापवायचा रॉड यांवर काय बोलणार? पण वस्तीत घरोघर फिरताना मला एक गोष्ट सतत दिसते. घरातला मोबाईल बिघडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन येतो. मोटारसायकल तर थांबूच शकत नाही, कारण कामावर जायचं असतं. शेगडीचा एक बर्नर मात्र सहा-सहा महिने बंद असतो. कुकरची रिंग सैल झालेली असते आणि बाई झाकणावर वरवंटा ठेवून डाळ शिजवते. का? तर तिचं काम अडत नाही. ती पहाटे अर्धा तास आधी उठते आणि एकाच बर्नरवर सगळं उरकते. बिघाडाची किंमत घरातलं कोणीतरी भरतंच. ती पैशात भरली जात नाही, बाईच्या झोपेत भरली जाते, म्हणून हिशेबात येत नाही.

हिंजवडीत कंपन्या आल्या तशा मारुंजीतही खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून माणसं आली. दहा बाय बाराच्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, मुलांचा अभ्यास सगळं चालतं. वीज घरमालकाच्या सबमीटरवर, तो म्हणेल त्या दराने. गॅसचं कनेक्शन पुष्कळदा गावाकडच्या पत्त्यावर. मग काय होतं? छोटी टाकी घ्यायची आणि किलोच्या भावाने कुठून तरी भरून आणायची. मोठ्या सिलेंडरमधून छोट्या टाकीत असा गॅस भरणं बेकायदा तर आहेच, पण जिवावरचंही आहे. इथून जवळ ताथवड्यात ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री टँकरमधून चोरून सिलेंडर भरताना स्फोट झाले, शेजारी उभ्या असलेल्या शाळेच्या बसगाड्या जळाल्या. त्यापेक्षा तेल कंपन्यांची ५ किलोची अधिकृत टाकी ओळखपत्रावर मिळते, तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही. उज्ज्वला योजनेच्या २०२१ च्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालेल असं ठरलं. एजन्सीत जाऊन हे ठामपणे विचारा, एकटीने नको, चौघी मिळून जा.

आता बिघाडाकडे वळू. कमी पैशात काय करता येतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे दोन्ही माहीत हवं.

शेगडीची ज्योत निळी हवी. ती पिवळी झाली, भांड्यांची बुडं काळी पडू लागली, की समजायचं हवा कमी पडते आहे आणि गॅस वाया जातो आहे. बर्नर थंड झाल्यावर काढा, साबणाच्या गरम पाण्यात भिजवा, त्याची भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळवा आणि नीट बसवा. यात एक पैसाही लागत नाही. मात्र आतल्या जेटच्या बारीक भोकात सुई घालू नका. ते मोठं झालं तर गॅस जास्त येतो. नळीला चीर गेली तर चिकटपट्टी लावायची नाही, तार गुंडाळायची नाही. आयएसआय चिन्हाची सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलायची. रेग्युलेटर घरी उघडायचा नाही, तो एजन्सीने बदलून द्यायचा असतो. गळतीचा संशय आला तर साबणाचा फेस लावून बघा, काडी ओढून कधीच नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून खाली झोपलेल्या लेकरांना आधी बाहेर काढा. बाहेर येऊन १९०६ या नंबरवर फोन करा.

कुकरची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह हे नव्या कुकरच्या मानाने किरकोळ खर्चाचे भाग आहेत. ते त्याच कंपनीचे घ्या. व्हॉल्व्ह उडाला म्हणून तिथे खिळा किंवा नाणं बसवू नका, म्हणजे बाँबच तयार होतो. २०२१ पासून कुकरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, घेताना ते पाहा.

पाणी तापवायच्या रॉडवर क्षारांचा पांढरा थर बसतो. त्यामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, आतली तार जास्त तापते आणि रॉड जळतो. प्लग काढून, रॉड थंड झाल्यावर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने तो साफ करा. थ्री पिनची तिसरी पिन तोडून टू पिनमध्ये खुपसू नका. तीच अर्थिंग, तीच तुमचा जीव वाचवते. आधी रॉड पाण्यात, मग बटण चालू. बटण बंद, प्लग बाहेर, मगच पाण्याला हात. सबमीटरचाही हिशेब ठेवा. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला साधारण अर्ध्या युनिटला थोडी कमी वीज लागते. रोजच्या चार बादल्या म्हणजे महिन्याला पन्नासच्या वर युनिटं. हा आकडा माहीत असला की घरमालकाशी बोलता येतं. गॅसचा गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या बाहेरच हवा. बंद न्हाणीघरात त्यातून विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आवाजही न करता पडतो.

हे सगळं तांत्रिक वाटेल. पण आपल्या चळवळीने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. १९८० च्या आसपास सुना जळून मरत आणि पंचनाम्यात लिहिलं जाई, 'स्टोव्हचा भडका उडाला.' तेव्हा बायकांनीच प्रश्न विचारला, हे स्टोव्ह नेमके सुनांच्याच हातात कसे भडकतात? त्या रेट्यातून १९८३ साली ४९८ अ आणि १९८६ साली ३०४ ब ही कलमं आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे ८५-८६ आणि ८० या कलमांत आहेत. स्टोव्ह किंवा शेगडी कशी चालते, कशाने पेटते, हे माहीत असलेली बाईच असा प्रश्न विचारू शकते. म्हणून कार्यकर्त्यांना माझं सांगणं आहे, भाजल्याची केस आली की शेगडी, नळी, रेग्युलेटर कोणत्या अवस्थेत होते हे पंचनाम्यात लिहिलं जातं की नाही ते बघा. आणि खरोखर अपघात असेल तर एजन्सीला लगेच लेखी कळवा. तेल कंपन्यांचा अशा अपघातांसाठी विमा असतो, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

१९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने मुंबईत लाटणी आणि थाळ्या घेऊन मोर्चे काढले. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर पुढे होत्या. रॉकेल, तेल, साखर यांचा भाव हा स्वयंपाकघरातला प्रश्न त्यांनी रस्त्यावर आणला. आपल्याला तोच धागा पुढे न्यायचा आहे.

म्हणून आज तीन गोष्टी ठरवू या. पहिली, प्रत्येक गटात दुरुस्ती फंड. पंधरा जणींनी महिना वीस रुपये काढले तर वर्षाला ३,६०० रुपये होतात. नळी, रिंग, व्हॉल्व्ह यांसाठी कोणीही नवऱ्याकडे हात पसरायचा नाही की सावकाराकडे जायचं नाही. दुसरी, वर्षातून दोनदा एकमेकींच्या घरी जाऊन तपासणी. नळीवरचं साल, सिलेंडरच्या चाचणीची तारीख, रॉडची वायर पाहायची आणि वहीत लिहायचं. सिलेंडरवर ए, बी, सी, डी यांपैकी अक्षर आणि साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत संपलेला सिलेंडर परत करायचा आपल्याला अधिकार आहे. तिसरी, वस्तू घेताना पावती. दुकानदार फसवत असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आणि एक शेवटचं. घरी गेल्यावर मुलालाही बर्नर साफ करायला बसवा. ज्याच्या हाताला काजळी लागते, त्याला बंद बर्नर दिसतो. खर्च ठरवताना शेगडीचं नाव मोबाईलच्या आधी येईल, तेव्हाच म्हणायचं की या घरात बाईच्या वेळेला किंमत आहे.